फुकटचा दवाखाना आणि गटाची वही

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत चांगलीच जुंपली. विषय निघाला तो साध्या गोष्टीवरून. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी याच गटात आहेत. त्यांची सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, नात झाली. पेढे वाटता वाटता मावशी म्हणाल्या, "एक पैसा घेतला नाही हो दवाखान्यानं, सगळं फुकटात झालं."

झालं! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुमचं फुकटात होतं, पण भरतो आम्ही. ह्यांच्या पगारातून दरवर्षी टॅक्स कापतात आणि आम्ही त्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढत नाही."

मावशी गप्प. पेढा कुणालाच गोड लागेना.

वहिनींचं म्हणणं अगदीच खोटं नाही हं. इन्कम टॅक्सवर २०१८ पासून ४ टक्के 'आरोग्य व शिक्षण उपकर' द्यावा लागतो. वर मेडिक्लेमचा हप्ता आहेच. त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, तेवढाच काय तो दिलासा. एकदा सरकारला द्यायचं, एकदा विमा कंपनीला. राग येणारच.

पण मावशी टॅक्स भरत नाहीत, असं कुणी सांगितलं? मोबाईलमध्ये १०० रुपयांचं रिचार्ज मारलं, की त्यातले सुमारे १५ रुपये कराचे असतात. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवर कितीतरी वर्षं १८ टक्के होता. आता ५ टक्के आहे, पण आहे. कलेक्टरीणबाईंच्या साबणावर जेवढा, तेवढाच मावशींच्या. कोपऱ्यावरचा दुकानदार पावती देत नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही, इतकंच.

आता खरी गंमत पुढे आहे. गटाची वही माझ्याकडे असते. सहज पान उलटलं, तर मावशींच्या नावावर ६ हजारांचं कर्ज! कारण : सुनेचं बाळंतपण. मी म्हटलं, "मावशी, फुकट झालं ना? मग हे काय?"

"ते होय! मशीन बंद होतं, मग सोनोग्राफी बाहेर केली, १२०० रुपये. चिठ्ठी दिली, ती औषधं मेडिकलातून आणली, १८५० रुपये. जाण्यायेण्याच्या जीपचे ९००. आणि पोराचे चार दिवस खाडे झाले, घरात काय शिजवायचं?"

महिन्याला दोन टक्के व्याज धरलं तर पहिल्याच महिन्याला १२० रुपये. मैत्रिणींनो, दवाखान्याच्या कागदावर हे बाळंतपण शून्य रुपयांचं आहे. आणि मावशींनाही ते फुकटच वाटत होतं!

वास्तविक २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, दवाखान्यातलं जेवण, घरून नेणं आणि परत घरी सोडणं, सगळं त्यात येतं. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत.

मग अडतं कुठे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं होतं, की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या दर १०० रुपयांमागे ३९ रुपये लोकांनी आपल्या खिशातून घातले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४ होता, म्हणजे सुधारणा आहे. नाही कशी म्हणू? पण ते ३९ रुपये कुणाच्या तरी वहीत कर्ज म्हणून लिहिलेले असतात. आमच्याच वहीत पाहिलं, तर निम्म्याहून जास्त कर्जांसमोर 'आजारपण' लिहिलेलं.

मला तर वाटतं, वहिनींसारख्या ठणकावून बोलणाऱ्या बायका सरकारी दवाखान्यात जायच्या बंद झाल्या, तिथेच घोटाळा झाला. बंद मशीनबद्दल विचारणार कोण?

वहिनी मघापासून वही न्याहाळत होत्या. एकदम म्हणाल्या, "मशीन बंद? मग आम्ही टॅक्स भरतो कशाला? मावशी, त्या पावत्या आहेत का?"

पावत्या होत्या, बाळंतविड्याच्या पिशवीत, घडी करून ठेवलेल्या. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज वहिनींनीच लिहिला, त्यांचं अक्षर आमच्यात सगळ्यात चांगलं. मावशींनी खाली सही केली. सोमवारी दोघी मिळून देऊन येणार आहेत. "पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही," असं वहिनींनी जाताना तीनदा बजावलं आणि राहिलेला पेढा तोंडात टाकला.