ओवी, वाटी आणि मुळावरची गाठ

पुसेगाव म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. हे ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. मुलूख सोयाबीन, तूर आणि हळदीचा. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं कयाधूकाठचं नर्सी याच भागातलं, आणि नामदेवांना विसोबा खेचर जिथं भेटले असं परंपरा सांगते ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यातलं. अशा ठिकाणी पुस्तकं वाचतं तरी कोण, असं एखाद्या शहरी पाहुण्याला वाटलं, तर त्यानं या पट्ट्यातल्या कुठल्याही गावी अखंड हरिनाम सप्ताहात सकाळी यावं.

मांडवात सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. प्रत्येकाच्या पुढ्यात पाट, पाटावर वस्त्र आणि वस्त्रावर ज्ञानेश्वरी. सप्ताहाच्या पत्रिकेत काकडा, पारायण, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर असा दिवस छापलेला असतो आणि त्यात ‘व्यासपीठचालक’ म्हणून एकाचं नाव असतं. तो ज्या चालीनं आणि वेगानं ओवी म्हणतो, त्या वेगानं सगळा मांडव पुढे सरकतो. हा वेग कधी मोजून पाहावा. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, ओव्या नऊ हजारांवर. सात दिवसांत भागले तर रोजच्या जवळजवळ तेराशे. सकाळचे तीन तास धरले तर मिनिटाला सात ओव्या. या गतीनं सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीचा अर्थ लावत बसणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. तशी कुणाची अपेक्षाही नसते.

मग उरतं काय? चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेली एखादी आजी ओळीखाली बोट फिरवत बसलेली असते. बोट मागे पडतं, तोंड पुढे जातं, कारण पुढची ओवी डोळ्यांआधी कानाला आलेली असते. अर्थ विचारला तर ती कीर्तनकाराकडे बोट दाखवेल. त्यात कमीपणा नाही, ती कामाची वाटणी आहे. सकाळी पुस्तकाचा नाद घ्यायचा, रात्री त्यातल्या एखाद्या अभंगाचा, एखाद्या ओवीचा अर्थ कीर्तनात ऐकायचा. बरीच वर्षं पारायणाला बसलेल्या माणसाच्या बोलण्यात ज्ञानेश्वरांचे दृष्टांत असे सहज येतात, की आपण पुस्तकातलं बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नाही.

याच मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात दुसरं एक सामूहिक वाचन चालतं. ग्रंथ असतो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. इथं एकच जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणारा मध्येच थांबतो, समजावून सांगतो, कुणी शंका काढतं, आणि एखाद्या संध्याकाळी दोन पानांच्या पुढे जाणं होत नाही. बसणं तसंच, पाऊसही तोच, पण पदरात पडतं ते वेगळं. ज्ञानेश्वरीच्या मांडवातून माणूस एक लय घेऊन उठतो, विहारातून उठताना बहुधा एखादा प्रश्न.

या ग्रंथामागची गोष्टही वाचनाचीच आहे. आंबेडकर शाळकरी वयात एक परीक्षा पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्यांचं कौतुक करायला सभा भरवली. तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. घरात वडील रामायण-महाभारत वाचायला लावत. या पुस्तकानंतर मुलानं वडिलांनाच विचारलं की बुद्धाचं वाचायला का दिलं नाही? हे सगळं आंबेडकरांनी 1956 साली आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झालं. ग्रंथ छापून आला 1957 साली, तेव्हा बाबासाहेब नव्हते. एका भेटपुस्तकाचं फळ हाती यायला किती काळ लागावा, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

जोतीराव फुल्यांच्या हाती थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ 1847 साली पडलं, तेव्हा त्यांचं वय वीसच्या आसपास होतं. पेननं ते लिहिलं होतं फ्रान्सच्या राज्यक्रांतीची बाजू मांडायला. पुण्यातल्या या वाचकानं त्यातून पेशवाईनंतरच्या पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांचा प्रश्न उचलला. 1873 साली ‘गुलामगिरी’ आलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण होऊन. लेखकानं काय लिहिलं आणि वाचकानं काय नेलं, यांत दोन समुद्रांचं अंतर.

पण दर वेळी इतकं लांब जायला नको. एकाच छोट्या पुस्तकावर, गीतेवर, मराठीत किती तऱ्हा झाल्या ते पाहावं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. 1915 साली ते प्रसिद्ध झालं आणि देशकार्यात पडलेल्या पिढीनं त्यातून कर्मयोग घेतला. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात सोबतच्या कैद्यांसमोर दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचनं केली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत भर आहे तो रोजचं काम मन लावून, निष्काम बुद्धीनं करण्यावर. गीता तीच, कैदही इंग्रजांचीच, वाचक मात्र दोन प्रकृतींचे.

नामदेवांचंही तसंच. इकडे त्यांची गाथा, मराठी अभंग, पंढरीची वाट. तिकडे पंजाबात त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि ती गुरबाणी म्हणून गायली जातात. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये 2015 च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते या नात्यामुळेच. नर्सीला आलेला शीख भाविक आणि पुसेगावचा वारकरी एकाच उंबऱ्याशी डोकं टेकतात, पण दोघांच्या तोंडचे नामदेव वेगळे.

या भागात मराठी पुस्तक म्हणजे पोथी, हे समीकरण जुन्या लोकांच्या मनात पक्कं असण्याला इतिहासाचंही कारण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतूनच. मराठी टिकली ती घरात, देवळात आणि मोजक्या वाचनालयांत. परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला.

पोथीला सोवळं असतं, तिला वस्त्रात गुंडाळून ठेवतात. याच्या अगदी उलट नशीब असतं ते हाताशी असलेल्या पुस्तकांचं. खिळ्याला टांगलेलं ‘कालनिर्णय’ 1973 पासून घराघरांत आहे. ते पुस्तक आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण मराठी माणूस वर्षभर सगळ्यात जास्त वेळा तेच वाचतो. शिवाय तो त्यात लिहितोही. चौकटीत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, म्हैस फळवल्याची खूण, लेकीच्या बाळाच्या जन्माची वेळ. डिसेंबर संपला की हे छोटेखानी कुटुंबचरित्र रद्दीत जातं.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 सालचं. तोळा-ग्रॅमच्या भानगडीत न पडता त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. त्यामुळे लग्न होऊन बदलीच्या गावी किंवा परदेशी गेलेल्या मुलींना ते आईच्या जागी वापरता आलं. ज्या घरात ते खरंच वापरलं गेलं, तिथली प्रत ओळखू येते. कणा सैल, कडांना पिठाचा पांढरा हात, आणि पुस्तक सोडलं की ते आपोआप एकाच पानावर उघडतं. त्या पानावर तेलाचा डाग असतो आणि समासात कुणीतरी पेन्सिलनं ‘गूळ कमी’ लिहिलेलं. मराठवाड्यात तिखटाचं माप मनातल्या मनातच दुप्पट होतं, त्यासाठी पेन्सिल लागत नाही.

आता एक पुस्तक असं, की ते कुठल्या कपाटात ठेवावं हेच ठरत नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली राजहंस प्रकाशनानं काढलं. शहरातल्या घरांत ते मुलांच्या वाढदिवसाला दिलं जातं, जिद्दीचं पुस्तक म्हणून. गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा शास्त्रज्ञ होतो, तेवढं त्या मुलांना पुरतं. पण हेच पुस्तक कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वाचलं तर डोळे दुसरीकडे अडतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 साली टस्कीगीला गेले तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन थकली होती. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितली. शेतकरी शाळेत येत नाही म्हणून 1906 साली शाळाच घोडागाडीवर चढवून बांधावर नेली. पुस्तकाच्या शहरी परीक्षणांत ही गाडी एका वाक्यात उरकली जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तीच गोष्टीची नायिका आहे.

आणि त्या भुईमूग-चवळीचं मर्म समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणी होऊन पाच-सहा आठवडे झालेलं सोयाबीनचं एक झाड ओल असताना अलगद उपटावं, माती झटकावी. मुळांवर मुगाएवढ्या गाठी दिसतात. त्यातली एक नखानं फोडावी. आतून गुलाबी-लालसर निघाली तर तिच्यातले रायझोबियम जातीचे जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नत्र पिकाला लागू पडेल असा करून देतायत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम थंड आहे. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळायला कृषी विभाग सांगतो ते यासाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठाची माहिती-पुस्तिकाही हेच सांगते, कमी शब्दांत, तक्त्यासकट. पुस्तिकेतून किती ग्रॅम चोळायचं ते कळतं. का चोळायचं, आणि थकलेल्या जमिनीत एखाद्या माणसानं आपलं आयुष्य का घालावं, ते मात्र चरित्रातून.

गावातल्या तरुण वाचकांचं वाचन पाहायचं तर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकेत जावं लागतं. पोलिस भरती, तलाठी, एमपीएससी. इथं पुस्तक तीन रंगांत अधोरेखित होतं, दोनदा विकलं जातं आणि नवी आवृत्ती आली की एका रात्रीत म्हातारं होतं. या मुलांना कुणी वाचत नाही म्हणून नावं ठेवू नयेत, ती दिवसाला दहा-दहा तास वाचतात. पण त्यांच्या पुस्तकांत एक चमत्कारिक पान असतं, साहित्यकृती आणि लेखक यांच्या जोड्यांचं. ‘बलुतं’ दया पवार. ‘उपरा’ लक्ष्मण माने. ‘अक्करमाशी’ शरणकुमार लिंबाळे. ‘उचल्या’ लक्ष्मण गायकवाड. चारही उत्तरं बरोबर येतात आणि चारांतलं एकही उघडलेलं नसतं.

या तक्त्याची चीड येते ती यासाठी, की त्या एकेका ओळीत काय कोंबलंय ते त्याला माहीत नाही. ‘बलुतं’ 1978 साली आलं तेव्हा पांढरपेशा वाचकाला आपल्याच राज्यातलं एक जग पहिल्यांदा दिसलं. खुद्द पु. ल. देशपांड्यांनी त्यावर लिहिलं. त्याच वेळी दलित समाजातल्या काही वाचकांना आपल्या घरातली लाज अशी चव्हाट्यावर मांडलेली खटकली. दोघांनीही पुस्तक खरंच वाचलं होतं. ‘उचल्या’ला 1988 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, हेही तक्त्यात असतं. लेखक लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा आणि चोर ठरवून टाकलेल्या जमातीतला, हे असलं तर कंसात. ज्या मुलाला उद्या खाकी वर्दी घालून अशाच वस्तीत जायचंय, त्याच्या बाबतीत या पुस्तकाचा एक गुण परीक्षेत मिळतो. बाकीचं वाचायला त्याला सवड मिळाली, तर ती नोकरी लागल्यावर.

परीक्षेशी कधीच न जुळलेला या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वाचक म्हणजे नरहर कुरुंदकर (1932-1982). वसमत तालुक्यातलं कुरुंदा त्यांच्या आडनावात आहे. मामा ना. गो. नांदापूरकर हैदराबादला मराठीचे प्राध्यापक. त्यांच्याकडे राहून भाच्यानं वाचन केलं अफाट आणि इंटरच्या परीक्षेत गटांगळ्या खाल्ल्या पुन्हा पुन्हा. पुढे हाच माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. भरताचं नाट्यशास्त्र, गझल, इस्लामचा इतिहास, मार्क्स, राज्यघटना, काय वाचलं नाही ते विचारावं. मनुस्मृतीचे ते कडवे विरोधक, पण तो विरोध ती ओळीनं वाचून केलेला. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून त्यांचं जे दीर्घ पत्र छापलं आहे, त्यासाठीच ती कादंबरी विकत घेणारे वाचक आहेत. कादंबरी पडद्यावरच्या शिवाजीसारखी डोळ्यांपुढे राहते, आणि पत्रातून प्रश्न विचारायची रीत शिकायला मिळते. एकाच पुठ्ठ्यात दोन पुस्तकं म्हणावीत अशी ही गंमत.

दिवाळी अंकाचं तर सगळंच एका पुठ्ठ्यात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, लेख, चित्रं, जाहिराती एकत्र नांदतायत. पुसेगावात अंक पोचेपर्यंत विहारातलं वर्षावासाचं वाचन संपलेलं असतं, सोयाबीन खळ्यावर नाहीतर अडत्याकडे गेलेलं असतं आणि हळद अजून शेतात उभी असते. अंक हाती आला की आधी मागची पानं उघडतात, राशिभविष्याची. घरातल्या प्रत्येकाची रास मोठ्यानं वाचून होते, तुळेवरून हशा पिकतो. मग व्यंगचित्रं, मग पाककृती. असे लेख त्यानंतर कधीतरी, दुपारी, सोयाबीनच्या भावाची चौकशी करून झाल्यावर.