मूल मामाकडे, कागद कोणाकडे?



भाताची झोडणी उरकली की आपल्या रायगडच्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांना कुलूप लागते. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी मुंबईला कामाला, कोणी बोटीवर खलाशी म्हणून. पोरांची शाळा बुडू नये म्हणून त्यांना आजीकडे किंवा मामाकडे ठेवतात. पोराबरोबर कपडे जातात, दप्तर जाते, तांदूळही जातात. कागदपत्रे मात्र जात नाहीत. मग एखाद्या रात्री पेंढ्यात विंचू चावतो आणि दवाखान्यात विचारणा होते, "पालक कोण?"

१९५६ च्या कायद्याप्रमाणे हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तो जवळ नसतानाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. तेव्हा घरधनी समुद्रावर असला, तरी घरी असलेली आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते.

मामा नुसत्या सांभाळण्याने कायदेशीर पालक होत नाही. पण म्हणून तो मोकळाही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच जबाबदार धरते. त्याने जाणूनबुजून हेळसांड केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा "आईबाप आल्यावर बघू" म्हणून आजार अंगावर काढू नये.

सही नाही म्हणून जीव धोक्यात घालण्याचेही कारण नाही. अपघातातील जखमीला सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी उपचार द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. भारतीय न्याय संहितेचे २७ वे कलम १२ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकाबरोबरच, मूल कायदेशीररीत्या ज्याच्या देखरेखीखाली आहे त्याचीही संमती मानते. पालकाला वेळेत गाठणे शक्यच नसेल, तर ३० वे कलम सद्भावनेने उपचार करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देते. विंचू किंवा साप चावला, तर थेट १०८ ला फोन करावा.

आता खर्चाचे बघू. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण लाभ रेशनकार्डावरील नावाप्रमाणे मिळतो. भाच्याचे नाव आईबापांच्या कार्डावर असते, मामाच्या नव्हे! ऐन वेळी घोटाळा होतो तो इथे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला ही गोष्ट पहिल्यांदाच सांगावी.

म्हणून निघण्यापूर्वी एक पिशवी तयार करून मामाकडे द्या. तीत रेशनकार्डाची व आधारकार्डांची झेरॉक्स, जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि तुमचे दोन फोन नंबर असू द्या. सोबत दोघांच्या सहीचे साधे पत्र द्या: मूल अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत यांच्याकडे आहे, उपचारास आमची संमती आहे. मुलाला कोणते औषध सोसत नाही तेही लिहा. या पत्राने मामा कायद्याने पालक होणार नाही, पण डॉक्टरचे काम सोपे होईल.

मूल कायमचेच नातेवाइकांकडे राहणार असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अलिबागच्या जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा. आईबाप हयात नसतील, तर १०९८ वर किंवा बाल कल्याण समितीकडे जावे. बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात.

यंदा बिऱ्हाड हलवताना सामान बांधण्याआधी ही पिशवी भरा, आणि ती कुठे ठेवली आहे ते आजीलाही दाखवून ठेवा.