काळ्या लेपाखालचे सर्किट

इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडली जाणारी, पायाने दाबून चालू-बंद करता येणारी धातूची जी छोटी डबी असते, तिला वादक ‘पेडल’ म्हणतात. यांतील ‘ओव्हरड्राइव्ह’ प्रकारचे पेडल गिटारचा स्वच्छ स्वर किंचित खरखरीत आणि भरदार करते. तारांपासून आलेला क्षीण विद्युत-संदेश आधी एका चिपच्या साहाय्याने वाढवला जातो आणि मग डायोड नावाचे छोटे घटक त्याच्या लहरींचे माथे छाटून टाकतात. या छाटणीला ‘क्लिपिंग’ असे म्हणतात. लागणारे सुटे भाग थोडे आणि स्वस्त असल्यामुळे मोठ्या कारखान्यांच्या जोडीने एकट्या-दुकट्या कारागिरांनीही या व्यवसायात, विशेषतः अमेरिकेत, आपले बस्तान बसवले. अशा कारागिराच्या पेडलला कारखान्यातील पेडलच्या कितीतरी पट किंमत मिळते आणि ती मुख्यतः त्याच्या नावावर मिळते, कारण डबीच्या आत काय आहे हे बहुतेक ग्राहक कधीच पाहत नाहीत.

या व्यवसायात नक्कल हा गुन्हा मानला जात नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. आयबानेझ या जपानी कंपनीच्या नावाने 1970च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेडलची रचना थोड्याफार फेरफाराने असंख्य पेडलांत वापरली गेली आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे नाक मुरडत नाही. पेटंटचे संरक्षण ठरावीक मुदतीपुरतेच असते आणि बहुतेक पेडलांच्या बाबतीत ते कोणी घेतलेलेही नसते. नाव आणि बोधचिन्ह यांवर मात्र ती वापरात असेपर्यंत मालकाचा हक्क राहतो. म्हणून एखाद्या निर्मात्याला अप्रामाणिक ठरवताना त्याने कोणाची रचना उचलली, एवढे पाहून भागत नाही. त्याने ग्राहकाला काय सांगितले आणि काय दडवले, हेही पाहावे लागते.

दडवण्याचे प्रचलित साधन म्हणजे इपॉक्सीचा लेप. सर्किट बोर्डावर हा घट्ट राळेसारखा पदार्थ ओतला की तो वाळून दगडासारखा होतो आणि खालचे घटक ओळखता येत नाहीत. बिल फिनेगन यांनी 1994पासून मॅसॅच्युसेट्समध्ये बनवलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’ या विख्यात पेडलवरही असाच काळा लेप असे, आणि जिज्ञासूंनी तो अखेर काढला तेव्हा त्याखाली खरोखरच एक स्वतंत्र, विचारपूर्वक केलेली रचना सापडली. लेपामागे संरक्षणाचा हेतू असू शकतो, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते. मात्र 2010च्या सुमारास एका छोट्या अमेरिकी निर्मात्याच्या महागड्या ओव्हरड्राइव्हवरील लेप ग्राहकांनी खरवडला, तेव्हा निघाला तो ‘डिजिटेक’ या कंपनीच्या ‘बॅड मंकी’ पेडलचा तयार बोर्ड. बॅड मंकी तेव्हा नवे घेतले तरी साधारण 50 डॉलरच्या आसपास मिळत असे. म्हणजे येथे नुसती रचनेची नक्कल नव्हती. दुसऱ्याची आयती वस्तू नव्या डबीत घालून, ओळख पुसून, स्वतःची म्हणून विकली गेली होती.

अशा निर्मात्याच्या बचावासाठी एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: ग्राहकांना तो आवाज आवडला होता, मग फसवणूक कसली? आवाज आवडला होता हे खरे. बॅड मंकी हे मुळातच चांगले पेडल आहे. तरीही हा युक्तिवाद टिकत नाही. ओक्लाहोमातील रॉबर्ट कीली आणि कनेक्टिकटमधील ‘ॲनालॉग मॅन’ या व्यवसायाचे माइक पिएरा यांनी बॉस आणि आयबानेझ या कंपन्यांची तयार पेडले घेऊन, त्यांतील मोजके घटक बदलून ती अधिक किमतीला विकली, आणि त्यावर नावलौकिकही कमावला. मूळ पेडल कोणते आणि त्यात बदल कोणता, हे ते उघड सांगत असल्यामुळे ग्राहक आपण कशाचे पैसे मोजतो ते जाणून व्यवहार करत होता. लेपाखालच्या बोर्डाच्या ग्राहकाला ती संधीच मिळाली नाही. शिवाय त्याचे पेडल पुढेमागे बिघडले तर दुसऱ्या कोणाला ते दुरुस्त करणेही अवघड.

असा माणूस काही वर्षांनी नवे पेडल घेऊन परतला तर त्याला पुन्हा विश्वास मिळावा की नाही, या प्रश्नाला कायमचा नकार हे उत्तर देणे कठोरपणाचे होईल. कारागिरी सुधारते, माणसेही सुधारतात, आणि पोट भरण्याचा हक्क कोणी नाकारू नये. परंतु परतण्याची रीत तपासावी लागते. फसलेल्या ग्राहकांचे पैसे परत केले आहेत का, नव्या पेडलचा बोर्ड उघडा ठेवला आहे का, आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे, तो जुन्याच नावाने परतला आहे की नव्या नावाआड? नाव बदलून आलेला निर्माता विश्वास मागत नसतो, विस्मरण मागत असतो.

अशा निर्मात्याला समीक्षकांनी प्रसिद्धी द्यावी का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि चर्चेत विश्वास व प्रसिद्धी या दोहोंची गल्लत फार होते. विश्वास ग्राहक आपल्या जोखमीवर ठेवतो. प्रसिद्धी देणारा समीक्षक इतरांना जोखीम घ्यायला लावतो. त्याच्या शब्दाचे वजन किती असते हे मार्च 2023मध्ये दिसले. ‘जेएचएस पेडल्स’ या पेडल बनवणाऱ्या कंपनीचे जॉश स्कॉट यांनी एका व्हिडिओत बॅड मंकीचा आवाज क्लॉनच्या खूप जवळ जाऊ शकतो असे दाखवले, आणि जुन्या बाजारात कवडीमोल पडलेल्या त्या पेडलची मागणी काही दिवसांतच कित्येक पट चढली. (लेपाखालचा बोर्ड घेणाऱ्यांनी यावर हसावे की रडावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.) भारतात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल निर्मात्याबरोबर पुरस्कर्त्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरवले आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

छोटा कारागीर प्रसिद्धीवाचून तगत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती त्याच्या शेजारच्या प्रामाणिक कारागिरालाही तितकीच लागू पडते, आणि समीक्षकाकडे वेळ व जागा दोन्ही मर्यादितच असतात. तरीही एखाद्याला परतलेल्या निर्मात्याचे पेडल दाखवायचेच असेल, तर त्याने ते भेट म्हणून न स्वीकारता दुकानातून विकत घ्यावे, वाजवण्यापूर्वी मागचे चार स्क्रू काढून आतला बोर्ड दाखवावा, आणि जुने प्रकरण शेवटी ओझरते उल्लेखण्याऐवजी आवाजाच्या वर्णनाआधी सांगावे. निर्मात्याने या अटी मान्य केल्या तर परीक्षण होऊ शकेल. न केल्यास समीक्षकाने दुसऱ्याचे पेडल हाती घ्यावे.