मधुमेहाची मुळे गर्भातच? पुण्याजवळच्या सहा गावांनी दिलेले उत्तर

मधुमेह घराण्यातच आहे, असे म्हणून दुखण्याची जबाबदारी वाडवडिलांवर टाकण्याची पद्धत जुनीच आहे. ती सर्वस्वी चूकही नाही. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. माणसाची जनुके दोन-तीन पिढ्यांत एवढी बदलत नाहीत. मग बदलले काय?

या प्रश्नाचा माग पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये घेतला. गावांतील विवाहित स्त्रियांच्या नोंदी गर्भधारणेपूर्वीपासूनच ठेवण्यात आल्या आणि पुढे त्यांच्या मुलांचीही वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली.

या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन ३.५ किलो होते. वजन कमी म्हणजे बाळ रोडके, असाच कोणाचाही समज होईल. मोजमापे घेतल्यावर वेगळेच चित्र दिसले. बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, पण आत चरबी राखून असलेले असे हे बाळ होते. पुणे आणि लंडन येथील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली असता, वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांमध्ये इन्शुलिनचे प्रमाण अधिक आढळले.

इन्शुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन. रक्तातील साखर पेशींत पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम असून त्यातील मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू थोडे आणि चरबी जास्त असेल, तर तेवढ्याच साखरेसाठी अधिक इन्शुलिन लागते आणि काही वर्षांनी स्वादुपिंड थकते. याचा एक बोलका पुरावा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली!

<b>जनुकांचा वाटा किती?</b>

स्वादुपिंडाच्या इन्शुलिन स्रवण्याच्या क्षमतेशी निगडित असलेल्या एका जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलंडमधील संशोधकांनी दाखवला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या गटाने तो भारतीयांमध्येही असल्याचे सिद्ध केले. म्हणजे धोका वाढवणारे हे जनुकरूप दोन्हीकडे आहे. तरीही भारतीयांना हा आजार युरोपियनांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. हा फरक एकट्या जनुकाने उलगडत नाही.

येथे आईचे ताट महत्त्वाचे ठरते. पाहणीतील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. ब-१२ आणि फॉलिक आम्ल यांच्या साह्याने शरीर जनुकांवर मिथिल नावाच्या रासायनिक खुणा उमटवते. जनुकाची अक्षरे तीच राहतात. कोणते जनुक किती काम करील, हे ठरवण्यात या खुणांचा वाटा असतो. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, फॉलिक आम्लाच्या गोळ्या बाळाच्या मज्जारज्जूतील दोष टाळतात. त्या बंद करण्याचे हे कारण नव्हे.

गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी होती. शेतात आणि घरात अवजड कामे करणाऱ्यांची लहान. गावाकडच्या स्त्रीला ही कामे टळत नाहीत, हे सांगायला संशोधकांची गरज नाही.

जन्मानंतरही परिस्थितीचा हात थांबत नाही. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळच्या सिलतरा या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात आणि कामगार पाळ्यांमध्ये राबतात. रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर साखर हाताळण्यात मंदावते. अशा वेळी जेवल्यास तीच साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते. खेड्यात अपुऱ्या वजनाने जन्मलेला मुलगा अशा कारखान्यात रात्रपाळीला लागला, तर त्याचे स्वादुपिंड आधीच तोकड्या भांडवलावर चाललेले असते.

पुण्याजवळच्या त्या गावांतील मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा बहुतेक सडपातळच होती. तरीही तरुणांपैकी ३७ टक्के आणि तरुणींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. त्याआधीच, २०१२ मध्ये, याच मुलामुलींपैकी अनेकांना रोज ब-१२ ची गोळी देण्याचा प्रयोग सुरू करण्यात आला होता. ती आई-बाप होण्यापूर्वीच, पुढच्या पिढीच्या बाळांसाठी.