खंडा आणि विळा

खंडेनवमीचा दिवस उजाडला, की मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यांच्या घरी हत्यारे पूजेला मांडली जातात. विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार ही धुऊन-पुसून पाटावर ठेवतात आणि त्यांवर हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतात. यांतील प्रत्येक हत्यार माणसाच्या हाताच्या मापाचे असते. विळ्याची मूठ सहज मुठीत मावते. भाताची कापणी दिवसभर चालली, तरी मनगटाला पेलेल एवढेच त्याचे वजन असते.

त्याच घरातील मुलगा सायंकाळी मोबाइलच्या पडद्यावर निराळीच शस्त्रे पाहत असतो. तेथे डोंगराएवढ्या अक्राळविक्राळ प्राण्यासमोर एक वीर उभा असतो आणि त्याच्या हातातील तलवार त्याच्याहूनही मोठी असते. 'मॉन्स्टर हंटर' हा जपानी खेळ 2004 साली निघाला. त्याच्या 2009 सालच्या आवृत्तीत, लढता लढता कुऱ्हाडीची तलवार होईल, असे शस्त्र आले. केंतारो मिउरा यांची 'बर्सर्क' ही चित्रकथा 1989 साली सुरू झाली. तिच्या नायकाची तलवार तर लोखंडी लादीसारखी रुंद आहे. अशी शस्त्रे खरोखर चालविता येतील काय?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. हातात धरून लढण्याची नेहमीची तलवार एक-दीड किलोच्या आसपास असे. तिची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट केली, तर वजन दुप्पट नव्हे, आठपट होते. शिवाय तोच भार हातापासून दुप्पट अंतरावर गेला, तर तो तितक्याच वेगाने फिरविण्यास चौपट जोर लागतो. अशी तलवार उगारणारा मनुष्य तिला फिरविण्याऐवजी स्वतःच तिच्यामागे ओढला जाईल आणि तो सावरेपर्यंत शत्रू आपले काम उरकून घेईल.

रूप बदलणाऱ्या शस्त्राची अडचण वेगळी आहे. एका साधनाने दोन कामे करण्याची युक्ती मराठी घराला नवी नाही. विळीच्या टोकाला खवणी असते. तिच्या पात्यावर भाजी चिरतात आणि टोकावर नारळ खवतात. गुप्ती दिसायला काठी, परंतु तिच्या पोटात पाते दडलेले असते. मात्र विळीचा कोणताही भाग लढाईच्या धुमाळीत फिरवावा लागत नाही आणि गुप्तीचे पाते केवळ बाहेर ओढावयाचे असते. खेळातील शस्त्राला सांधे, खिट्या आणि सरकते भाग असतात. प्रत्येक घावाचा हिसका त्या सांध्यांना बसतो. जेथे सांधा, तेथे मोडण्याची भीती. म्हणून खऱ्या रणांगणावर साध्या शस्त्रालाच मान मिळाला.

मग माणसाने अशी प्रचंड शस्त्रे कल्पिली तरी का? हे समजण्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यात जेजुरीचा गड आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांनी लोकांना त्राहि भगवन् करून सोडले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांचा वध केला, अशी खंडोबाची कथा सांगतात. त्या देवाच्या गडावर सुमारे 42 किलो वजनाचा एक खंडा आहे. सिमेंटच्या भरलेल्या पोत्याहून तो थोडाच हलका! तो युद्धासाठी घडविलेला नव्हे, तर देवाला वाहिलेला आहे. जपानातही नागोया येथील आत्सुता देवस्थानात अशा अतिदीर्घ तलवारी जतन केलेल्या आहेत. दैत्य जेवढा भयंकर, तेवढे त्याला मारणारे शस्त्र मोठे, हा मानवी कल्पनेचा जुना हिशेब आहे. शस्त्राच्या आकारावरून ऐकणाऱ्याला संकटाचे माप कळते.

जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात हा खंडा उचलण्याची स्पर्धा होते. कोणी तो एका हाताने आडवा धरून ठेवतो, तर कोणी दातांत धरून उचलतो. त्याने कोणी कोणावर वार करीत नाही. हात थरथरू न देता तो अधिकात अधिक वेळ कोण पेलतो, एवढेच पाहिले जाते. सरावावाचून ते साधत नाही. नवल असे, की त्या जपानी खेळाच्या कर्त्यांनीही हाच नियम पाळला आहे. त्यातील सर्वांत मोठी तलवार हाती घेतली, की शिकाऱ्याची चाल मंदावते. प्राणी केव्हा झेपावेल आणि केव्हा दमेल, हे ओळखून योग्य क्षणी घाव घालावा लागतो. नुसता धसमुसळेपणा करणारा खेळाडू तेथे हरतो.

खंडेनवमीची पूजा आटोपते. मग कापणीचे दिवस येतात. तोच मुलगा विळा घेऊन वडिलांच्या शेजारी खाचरात उतरतो. पहिल्या दिवशी त्याची ओळ मागे पडते आणि बोटे हुळहुळतात. चार दिवसांनी त्याच्या हाताला लय सापडते. मग त्याला कळून येते, की शस्त्र लहान असो वा मोठे, ते पेलणारा हात घडवावा लागतो.