कीबोर्डपुढची पहिली नोकरी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘कॉम्प्युटरवरचं काही काम मिळेल का हो याला?’ विचारणारी कधी आई असते, कधी थोरला भाऊ. हे ‘काही काम’ म्हणजे नेमकं कोणतं, ते विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. ज्याला विचारलं जातं, त्यालाही बहुतेक वेळा नसतं. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. संगणकाचा एकही कोर्स केलेला नाही. पण आमच्याच घरात एक प्रकार घडला आणि या कामांची चौकशी करत मला चार ठिकाणी हिंडावं लागलं. त्या हिंडण्यातून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या आपाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. वय सतरा, बारावीची परीक्षा नुकतीच झालेली. एके दिवशी धावत आला. म्हणाला, ‘मामू, नोकरी लागली! घरबसल्या डेटा एंट्री. पानाला पैसे.’ आपाने शेजारीपाजारी साखर वाटली. मुलाने नोंदणी फी म्हणून दीड हजार रुपये भरले होते, ते आपाच्या शिलाईच्या पैशांतले. मोबाईलवर एक करारनामा आला होता, त्यावर त्याने बोटाने सही केली होती. आठ दिवस तो रात्री जागून पानं टाइप करत होता. नवव्या दिवशी निरोप आला : तुमच्या कामात चुका जास्त आहेत, करार मोडला आहे, इतके हजार रुपये नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात खेचू. सोबत तराजूचं चित्र आणि लाल शिक्का असलेली नोटीस. पोराचं जेवण सुटलं. आईला सांगायची हिंमत होईना. तिसऱ्या रात्री त्याने मला फोन केला आणि नुसता रडत राहिला.

श्रोतेहो, ही फसवणूक जुनीच आहे, पण तिला बळी पडणारी मुलं दरवर्षी नवी असतात. म्हणून तिची रीत आधी समजून घेऊ. काम देणारा माणूस कामाआधी तुमच्याकडूनच पैसे घेतो. मग असं काम देतो की ज्याची तपासणी फक्त तोच करणार. चूक किती, बरोबर किती, हे तोच ठरवणार. आणि शेवटी त्या चुकांचा दंड मागणार. त्याला तुमच्या टायपिंगची गरज कधीच नव्हती. त्याचा धंदा तुमच्या भीतीवर चालतो.

मी एका ओळखीच्या वकिलांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वय काय?’ सतरा म्हटल्यावर ते हसले. आपल्याकडे १८७२चा करार कायदा आहे. करार करणारा सज्ञान असावा लागतो, म्हणजे त्याला अठरा वर्षं पूर्ण हवीत. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निवाडा मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला. तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. ‘म्हणजे हा कागद तुझ्यापुरता कोराच आहे,’ वकील म्हणाले. आणि अठरा वर्षांवरच्यांनीही लक्षात ठेवावं, न्यायालय व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवून कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

मग आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. सायबर गुन्ह्यांत पैसे गेले तर हा सरकारी मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. आमचे दीड हजार परत मिळाले नाहीत. पण पोरगा त्या रात्री जेवला.

याच जातीचा दुसरा सापळा जास्त घातक आहे. ‘तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड आम्हाला वापरायला दे, महिन्याला पैसे देऊ, काम काहीच नाही.’ काम काहीच नाही आणि पैसे मात्र मिळतात, असं कुणी म्हणालं की सावध व्हा. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरवले जातात. पोलीस माग काढत येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. सतरा-अठराव्या वर्षी पोलीस चौकीचे हेलपाटे लागले, तर पुढच्या सगळ्या नोकऱ्यांवर त्याची सावली पडते.

आता खऱ्या कामाकडे वळू. छोट्या गावात आणि तालुक्यात हे काम कुठे असतं? आधी नजर टाका तहसील कचेरीच्या समोर. झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म अशी पाटी असलेली दुकानं तिथे असतात. लग्नाचे अल्बम करणारे फोटो स्टुडिओ आहेत, तिथे फोटोशॉप येणारा मुलगा हवा असतो. पत्रिका आणि बिलबुकं छापणारे छापखाने आहेत. कॉमर्सच्या मुलांसाठी व्यापाऱ्यांकडे आणि करसल्लागारांकडे टॅलीचं काम आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, तेव्हापासून वेळच्या वेळी विवरणपत्रं भरायची म्हणून लहान दुकानदारालाही संगणकावर हिशोब ठेवणारा माणूस लागतो. शिवाय संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीची दुकानं आहेत.

या कामांसाठी प्रमाणपत्रं कोणती? आपल्याकडे एमएस-सीआयटी सर्वांना माहीत आहे. सरकारी नोकरीत संगणकज्ञानाचा दाखला म्हणून ती उपयोगी पडते. दुसरी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागतात. तिसरा रस्ता आयटीआयचा. तिथे संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक, म्हणजे ज्याला मुलं ‘कोपा’ म्हणतात, तो एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत उमेदवारी मिळू शकते. तिथे शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. उमेदवारीसाठी किमान वय चौदा आहे, आणि उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते.

पण श्रोतेहो, दुकानात गेल्यावर प्रमाणपत्र फार कुणी बघत नाही. माझ्या भाच्याला घेऊन मी अशा चार दुकानांत गेलो. तिघांनी ‘नंतर बघू’ म्हटलं. चौथ्या दुकानदाराने त्याला सरळ खुर्चीवर बसवलं. म्हणाला, ‘हा फोटो आणि ही सही. फॉर्मला लागतो तेवढ्या केबीत बसव. मग ही तीन पानं स्कॅन करून एकच पीडीएफ कर. आणि हा अर्ज मराठीत टाइप कर.’ फोटो बसला. पीडीएफ झाली. मराठी टायपिंगला मात्र पोरगा अडला. त्याला मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय. दुकानात ते चालेना.

इथे माझा जुना अनुभव उपयोगी पडला. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा, १९८७च्या सुट्टीत, अब्बांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. रेमिंग्टनचं मराठी यंत्र, बोटं दुखेपर्यंत बडवायचं. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण त्याची अक्षरांची मांडणी संगणकात शिरली. आजही अनेक छापखान्यांतले जुने लोक त्याच मांडणीने टाइप करतात. दुसरी मांडणी इन्स्क्रिप्टची. ती बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकच आहे, तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात. नव्याने शिकणाऱ्याने हीच शिकावी, असं मला चौकशीअंती वाटलं. रोज तासभर बसलं तर काही आठवड्यांत बोटं वळतात.

मराठी टायपिंगची आणखी एक गोम आहे. पूर्वीच्या फाँटमध्ये केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. कारण त्यात अक्षर मराठी नसतंच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून तो कुठल्याही संगणकावर ‘क’च राहतो. सरकारी संकेतस्थळावर युनिकोड लागतं, तर अनेक छापखान्यांत अजून जुने फाँट चालतात. एकातला मजकूर दुसऱ्यात नेणं आणि नेताना मोडलेली जोडाक्षरं दुरुस्त करणं, हे ज्याला जमतं त्याला काम मिळतं. त्यासाठी मराठी नीट यावी लागते. घरात दखनी बोलणाऱ्या माझ्या भाच्याला मी पहिल्यांदाच व्याकरणाचं पुस्तक आनंदाने उघडताना पाहिलं.

महिन्याभराने तो पुन्हा त्याच दुकानात गेला. दुकानदाराने त्याला ठेवून घेतलं. आता इथे कायद्याची एक गोष्ट. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. संगणकाचं काम त्यात येत नाही, पण वेळेची मर्यादा आहे. सुट्टी धरून दिवसाला सहा तास. सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती. संध्याकाळी सात ते सकाळी आठपर्यंत काम नाही. हे मी दुकानदाराला सांगितलं, तेव्हा तो जरा गोंधळला. पण मान्य केलं. पगार किती आणि कोणत्या तारखेला, हेही पहिल्याच दिवशी बोलून घेतलं. पालकांना अशा वेळी संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. आणि आधार नोंदणी चालक किंवा सामाईक सेवा केंद्राचा चालक व्हायचं असेल, तर वय अठरा पूर्ण लागतं. त्याआधी दुसऱ्याच्या ओळखीने लॉगिन करून ते काम करू नये. पकडले गेलात तर दुकानदार हात वर करतो.

कामावर लागून दीड महिना झाला असेल. एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. भाच्याने तो भरून दिला. काही दिवसांनी ती रडवेली होऊन परत आली. तिच्या वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये याने एक ‘ए’ जास्त घातला होता. दाखल्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळेना. अर्ज परत आला, आणि मुदत संपायला दोन दिवस राहिलेले.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा मी माझी कागदपत्रं त्याच्यापुढे ठेवली. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. आमच्यासारख्यांची नावं लिहिताना सगळीकडेच गोंधळ होतो, पण तो आमच्यापुरता नाही. पाटील, शिंदे, कांबळे, कुणालाही विचारा. कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी घाईत एक कळ दाबलेली असते, आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं प्रतिज्ञापत्रं करत फिरतो. ‘तू दाबलीस ती तसलीच कळ,’ मी म्हणालो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन बसला, मुलीला बोलावून घेतलं, दुरुस्ती केली आणि अर्ज मुदतीत गेला.

त्यानंतर त्याने स्वतःला तीन सवयी लावून घेतल्या. त्या मी मुद्दाम सांगतो, कारण कुठल्याही वर्गात त्या शिकवत नाहीत. पहिली, फॉर्म पाठवण्याआधी पडदा गिऱ्हाइकाकडे वळवायचा, आणि वाचता येत नसेल तर नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक मोठ्याने वाचून दाखवायचा. दुसरी, काम झालं की त्या माणसाचे आधार, दाखले, फोटो दुकानाच्या संगणकातून पुसून टाकायचे. पुसलेल्या फायलींची टोपलीही रिकामी करायची. तिसरी, ओटीपी गिऱ्हाइकाने स्वतः टाकायचा, आणि तो कशासाठी आला आहे ते त्याला आधी सांगायचं.

पालकांनो, मुलाला पहिलं काम शोधताना एकट्याने मोबाईलमध्ये शोधू देऊ नका. त्याच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जा. जिथे खुर्ची दिसते, मालक दिसतो, गिऱ्हाईक दिसतं, तिथे काम आहे असं समजा. आणि मुलांनो, कुणी कामासाठी पैसे मागितले तर घरी सांगा. फसलात तरी सांगा. लवकर सांगा. माझ्या भाच्याने तीन रात्री एकट्याने काढल्या. त्या काढायची काही गरज नव्हती.

तो आता कॉलेज सांभाळून त्याच दुकानात जातो. पहिल्या पगारातून त्याने आपाला दीड हजार रुपये परत दिले. आपाने ते मोजले, शिलाई यंत्राच्या खणात ठेवले आणि त्याला म्हणाली, ‘आता माझं बँकेतलं नाव तेवढं नीट करून दे.’