गांजाचे शरीर व मनावरील परिणाम

भांगेच्या झाडापासून (शास्त्रीय नाव : कॅनाबिस सटायव्हा) तीन मादक पदार्थ मिळतात : पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस. तिन्हींत नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच, ते म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी). इस्रायलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

मेंदूतील क्रिया

मेंदू स्वतःही अशी द्रव्ये निर्माण करतो. १९९२ साली सापडलेल्या अशा एका द्रव्याचे नाव ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ठेवण्यात आले. ते गरजेपुरते तयार होऊन लवकर नष्ट होते. टीएचसी मात्र त्याच ग्राहींवर बराच काळ अंमल गाजवते. स्मृतीशी निगडित भागांत व लहान मेंदूत हे ग्राही विपुल असल्याने नुकतेच बोललेले विसरणे, वेळ लांबल्यासारखा वाटणे, तोल बिघडणे ही लक्षणे दिसतात. अशा अवस्थेत वाहन चालवणे धोक्याचे असते. श्वसनाचे नियंत्रण करणाऱ्या भागात ग्राही विरळ असल्याने अफूप्रमाणे श्वास थांबून मृत्यू सहसा ओढवत नाही. गांजा निरुपद्रवी असल्याचा समज बहुधा यातूनच बळावला असावा.

धुरावाटे व पोटावाटे सेवन

चिलमीतून ओढल्यास परिणाम काही मिनिटांत जाणवतो. पोटात गेलेल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात आणि यकृतात टीएचसीचे रूपांतर दुसऱ्या तितक्याच प्रभावी द्रव्यात होते. महाशिवरात्रीला किंवा होळीला प्रथमच भांग पिणारा ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेतो आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो. भांगेच्या सौम्यतेवर विसंबणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

इतर परिणाम

नाडी जलद होते, डोळे लाल होतात, तोंडास कोरड पडते, भूक वाढते. हृदयविकार असणाऱ्यांना नाडीची ही वाढ घातक ठरू शकते. दीर्घकाळ धूम्रपान केल्यास जुनाट खोकला व कफ जडतो. काहींना आनंदाऐवजी तीव्र भीती वाटते.

सर्वांत गंभीर प्रश्न कुमारवयाचा आहे. मेंदूची वाढ विशीनंतरही चालू असते. लहान वयात, वारंवार व तीव्र गांजा घेणाऱ्यांत भ्रम, संशय व भास ही चित्तभ्रमाची लक्षणे उद्भवण्याचा संभव वाढतो. कुटुंबात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असल्यास अधिकच. अभ्यासातील एकाग्रता त्याआधीच ढासळू लागते, आणि घरचे ते आळसावर ढकलतात.

नियमित सेवनाने व्यसनही जडते. सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश व अन्नावरची वासना उडणे हा त्रास पहिल्या आठवड्यात अधिक असतो व पुढे बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोप पूर्ववत होण्यास कधी अधिक काळ लागतो.